एका गळाच्या दोघी

दोघी बहिणी गळ-काठ्यांच्या दुकानात शिरल्या, तसा दुकानदाराने हातातला चहाचा कप आधी वरच्या फळीवर ठेवला. त्याला अनुभव होता. मोठी शिंपीण, जन्मभर लोकांची मापं घेतल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू तिला दोन बोटं लांब तरी वाटायची, नाहीतर दोन बोटं आखूड तरी. धाकटी निवृत्त नर्स. समोरचा नको म्हणाला की त्याला औषध पाजायचंच, ही तिची सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. त्यांच्या मागून, खांद्याला पिशवी आणि पिशवीत पुस्तक अशी जी आली, ती मोठीची लेक. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करायची. आज तिला मुद्दाम आणलं होतं, कारण काठ्यांवरची बारीक अक्षरं वाचायला दोघींपैकी एकीचाही चष्मा पुरा पडत नव्हता.

निमित्त होतं मोठीच्या, म्हणजे लेकीच्या आईच्या, मनगटाचं. कात्री चालवून चालवून ते कामातून गेलं होतं. तळ्यावरची जुनी काठी म्हणजे झेंड्याचा दांडा; तिने दोनदा गळ फेकला की तिसऱ्यांदा हात उचलेना. डॉक्टरांनी जड काही धरू नका म्हणून सांगितलं, आणि आईने त्याचा सोयीस्कर अर्थ असा लावला, की हलकं काही धरायला हरकत नाही. म्हणजे हलकी काठी, बारीक दोरा, आणि त्याला करंगळीच्या पेराएवढी नकली मासोळी. मोठे मासे मोठ्यांना लखलाभ, आपण आता चिल्ल्यापिल्ल्यांशी खेळू, असं तिने जाहीर करून टाकलं.

या दोघींची मासेमारी हा सगळ्या तळ्याच्या चेष्टेचा विषय होता. माणशी एक काठी हा जगाचा रिवाज. यांची मात्र दोघींत मिळून एकच. आई गळ फेकायची आणि काठी मावशीच्या हातात द्यायची. पुढे रीळ फिरवणं, मासा लागला तर त्याला दमवणं, काठाला आणणं, चिमट्याने त्याच्या तोंडातला गळ सोडवणं आणि त्याला परत पाण्यात सोडणं, हे सगळं मावशीकडे. आईने उभ्या जन्मात माशाला बोट लावलं नाही. तो माझ्याकडे बघतो, म्हणायची. मावशीने उभ्या जन्मात गळ फेकला नाही, कारण लहानपणी पहिल्यांदा फेकला तो थेट वडिलांच्या टोपीत अडकला, आणि तिच्यावर बंदी आली. पुढे वडील गेले, टोपी गेली, बंदी तेवढी राहिली.

रविवारी उजाडता उजाडता निघताना आई दारातून विचारायची, "येतेस का गं?" आणि लेक म्हणायची, "तुम्ही जा. मला वाचायचंय." शाळेत होती तेव्हापासून हेच. मावशी तिला वाचनालयच म्हणायची. वाचनालय आजही उघडं आहे वाटतं, असं ओरडून जिना उतरायची. खरं तर लेकीला जायचं असायचं. खिडकीतून ती त्या दोघींना कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायची. एकीच्या खांद्यावर काठी, दुसरीच्या हातात डबा, आणि दोघींची तोंडं एकाच वेळी चालू. पण काठीची टोकं दोन, आणि दोन्ही टोकांना बहिणी. त्यांच्यात आपण नेमकं कुठे उभं राहायचं, हे तिला कधी उमगलं नाही. विचारावं म्हटलं तर शब्द ओठापर्यंत येऊन माघारी फिरायचे. वाचनाचा नाद खोटा नव्हता. पण रविवारी सकाळी कितीदा तरी तिने एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

तर दुकानात त्या दिवशी भांडण पेटलं ते दोन काठ्यांवरून. एक हिरवी, एक काळी. दोन्ही पिसासारख्या हलक्या, पण गुण वेगळे. हिरवी लवचीक, जरा झटका दिला की मधूनच कमान व्हायची. काळी ताठ, शेंड्याकडे वीतभर काय वाकेल तेवढीच. आईचं म्हणणं, हिरवीच. एवढीशी मासोळी, तिला स्वतःचं वजन ते काय. काठीनेच वाकून तिला भिरकावायला हवं, नाहीतर ती पायाशी पडेल. मावशी म्हणत होती, काळी. लहान मासा चिमटा काढावा तसा चावतो आणि पळतो; असली लिबलिबीत काठी असेल तर मला खबर लागेपर्यंत तो घरी जाऊन झोपलेला असेल. दोघींचंही खरं होतं, आणि हीच पंचाईत होती. एक फेकण्यापुरतं बोलत होती, दुसरी ओढण्यापुरतं.

दुकानदाराने मध्यस्थी करून पाहिली. त्याचा स्वभाव असा, की ज्याच्या हातात काठी त्याच्या बाजूने बोलायचं. आईने हिरवी उचलली की तो म्हणायचा, बाईंची पारख बघा. मावशीने काळी उचलली की म्हणायचा, याला म्हणतात अनुभव. दोघींनी एकदम उचलल्या तेव्हा तो खोकला.

मागच्या गल्लीत त्याने चाचणीसाठी एक प्लास्टिकची टोपली ठेवली होती. हिरवीला रीळ लावून आईने मासोळी फेकली. मनगट कसलं ते वळलंसुद्धा नाही; कपड्यावरचा धागा झटकावा तेवढीच हालचाल, आणि मासोळी हवेत लांबलचक झेप घेऊन टोपलीत टपकन बसली. गल्लीतून सायकल घेऊन चाललेला एक माणूस थांबून बघत राहिला. आईने मागे वळून मावशीकडे पाहिलं आणि नुसती भुवई उडवली, ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"फेकशील गं," मावशी म्हणाली. "फेकायचं काय, लग्नात लोक अक्षतासुद्धा फेकतात. मासा मी काढते."

"मग काढ की. टोपलीत आहे बघ."

लेक तेव्हा अशी हसली, की पिशवीतलं पुस्तक खाली पडलं. ठरलं काहीच नाही. दोन्ही काठ्या बाजूला काढून ठेवा, उद्या येतो, असं सांगून तिघी घरी आल्या. वाटेतही वाद चालू, जिन्यातही चालू. जेवणं होईपर्यंत आई रिकामा डाव हातात घेऊन काठी कुठे वाकायला हवी ते दाखवत होती, आणि मावशी ताटावरून मान वर न करता, डावाने मासे लागत असतील तर दुकानाचा हेलपाटा कशाला, असं विचारत होती. झोपायला जाताना आई लेकीच्या दारात थांबून म्हणाली, "उद्या तूही चल हं. ती बारीक अक्षरं." लेक म्हणाली, येईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली होती. कुशीवर, उजवा हात उशीखाली. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लेक कुणाशी फारसं बोलली नाही. भेटायला माणसं आली, गेली. शिवणयंत्रावर एका बाईचा अर्धवट ब्लाउज होता, तो तिने दुसऱ्या शिंपिणीकडे पोहोचवला. छापखान्यात जायला लागली. चुका सापडत होत्या, म्हणजे डोळे ठीक होते.

मावशीचं मात्र बिघडलं. रडली ती थोडी आणि सुरुवातीलाच. मग रविवार आला, की ती घर घासायला घ्यायची. आधी मोरी, मग जाळ्या, मग पंख्याची पाती, मग पुन्हा मोरी. घर इतकं लखलखीत झालं, की त्यात बसवेना. जुनी काठी तिने कपाटावर सारून दिली आणि वर गाद्या रचल्या. लेकीने एकदा भीत भीत म्हटलं, तळ्यावर जाऊन नुसतं बसायचं का. मावशी फडकं पिळत म्हणाली, "अर्ध्या माणसाने तळ्यावर जाऊन काय करायचं?"

उरलेलं अर्धं होण्याची लेकीची तयारी होती. हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, स्वच्छ, एकही दुरुस्ती न लागणारं. पण आईची जागा मागायची म्हणजे आई नाही हे आपल्या तोंडाने म्हणायचं. आणि मावशी नाही म्हणाली तर, ही भीती वेगळीच. वाक्य तिने गिळलं. वाट मात्र दुसरी काढली. मावशीला सगळं सोसायचं, अर्धवट टाकलेलं काम सोसायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. एका संध्याकाळी ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, की दुकानदार भेटला होता; त्या दोन काठ्या बिचाऱ्याने अजून बाजूला काढून ठेवल्यात, कुणाला विकत नाही, तुमचं काय ते सांगा म्हणाला.

मावशीने हातातल्या फडक्याची घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "माणसाला असं टांगून ठेवणं बरं नाही," आणि चपला शोधायला लागली.

दुकानात तीच ती अरुंद बोळकांडी, छताला टांगलेल्या काठ्या, रबरी बुटांचा वास. दुकानदाराने आईबद्दल दोन शब्द बोलायला तोंड उघडलं, त्याला ते जमले नाहीत, म्हणून त्याने हिरवी आणि काळी आणून समोर ठेवली. हे त्याने बरं केलं.

मावशीने हिरवी उचलली. "ही द्या."

लेक चमकली. "मावशी, ही नको होती ना तुला? मासा चावलेला कळत नाही म्हणालीस."

"तेव्हा म्हणाले. ताईचं बरोबर होतं. मासोळी फेकली गेली पाहिजे, बाकी सगळं नंतर."

"अगं, पण काठी तुझ्या हातात राहणार. तासाला एकदा फेकणार आणि तासभर तू धरणार. काळीच घ्यायला हवी."

"ताईला काळी आवडली नव्हती."

"पण तुला आवडली होती."

आणि भांडण पुन्हा सुरू झालं, फक्त या वेळी बाजू उलट्या. मावशी आईच्या तोंडचे मुद्दे आईपेक्षा जोरात मांडत होती, आणि लेक मावशीचेच मुद्दे मावशीच्या अंगावर फेकत होती, चिमटा, घरी जाऊन झोपलेला मासा, सगळं. दुकानदाराची पार दैना झाली. ज्याच्या हातात काठी त्याची बाजू घ्यायची म्हटलं, तर हिरवी मावशीच्या हातात होती आणि ती बाजू मोठ्या बाईंची होती. शेवटी त्याने दोन्ही हात गल्ल्यावर टेकले.

"मला एकच सांगा," तो म्हणाला, "फेकणार कोण आहे?"

शेजारच्या लाँड्रीत यंत्र घरघरत होतं, ते मधेच ऐकू यायला लागलं. मावशीने हिरवी काठी हळूच खाली ठेवली. आपण इतका वेळ कुणाच्या मनगटासाठी भांडत होतो, हे दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं. मावशीचं तोंड मोरी घासतानाच्यासारखं दिसायला लागलं, आणि लेकीला कळलं, की आत्ता गप्प राहिलं तर ही पिशवी उचलेल, घरी जाईल आणि पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही.

"मी," लेक म्हणाली. "मी फेकणार."

मावशीने तिच्याकडे पाहिलं, खाटेवरून उठू नको सांगितलेला पेशंट दाराशी उभा दिसावा तसं.

"तू? तू हात केलास तर बससुद्धा थांबत नाही."

"मग शिकते."

"पुस्तकातून?"

"वाचलंय थोडं," लेक म्हणाली, आणि ते खरं होतं. गेल्या महिन्यात तिने त्यावरचं जे मिळेल ते वाचून काढलं होतं. मावशीने दुकानदाराकडे बघून सुस्कारा सोडला. पण पिशवी उचलली नाही.

मागच्या गल्लीत टोपली तशीच होती. लेकीने हिरवी घेतली, वाचलेलं सगळं आठवलं, कोपर अंगाशी, नजर टोपलीवर, आणि मासोळी फेकली. माशी मारल्यासारखा तिचा हात. काठी मागे वाकायची ती वाकून सरळ होईपर्यंत हिचा झटका संपलेला. मासोळी मागच्या मागे लाँड्रीच्या दोरीवरच्या चादरीत शिरली. चादर धरून लाँड्रीवाली बाहेर आली आणि गळ सुटेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग लेकीने काळी घेतली. ती वाकलीच नाही. मासोळी तिच्या बुटावर पडली.

"टोपली जरा वाकडी ठेवलीय," लेक म्हणाली.

"हो ना," मावशी म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि हसली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग भिंतीचा आधार घ्यावा लागला. लाँड्रीवालीही हसायला लागली. इतक्या दिवसांत ते हसणं लेकीने ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, अजून एखादी चादर आणा, तिच्यातही अडकवते.

दुकानदार आत जाऊन तिसरीच एक काठी घेऊन आला. ती पहिल्या दिवशीही तिथेच होती, पण तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. रंग गंजलेल्या कढईसारखा, मूठ बुचाच्या लाकडाची, लांबीला बाकीच्या दोन्हींपेक्षा हातभर कमी. तिच्या अंगावरची बारीक अक्षरं लेकीने वाचली. काठी तसल्याच चिमुकल्या मासोळ्या फेकण्यासाठी होती, हलक्यात हलक्या. धरली, तर मूठ हातात अशी बसली, जशी मुद्रितं तपासताना लाल पेन्सिल बसायची. पहिली फेक टोपलीपर्यंत गेली नाही. दुसरी टोपलीच्या पलीकडे. पण दोन्ही सरळ गेल्या, आणि काठी तिच्या त्या माशी मारणाऱ्या झटक्यालाही वाकून वेळेवर सुटत होती. चौथी की पाचवी टोपलीच्या काठावर आपटली, तेव्हा लाँड्रीवाली वा म्हणाली.

"हिची काठी सापडली," मावशी म्हणाली. "आता माझं बघू. मला मासा कळला पाहिजे."

आता गल्लीत मासा कुठून आणायचा? मावशीने दुकानदाराकडे पाहिलं. तो आधी नाही म्हणाला. पण जुन्या नर्सला नाही म्हणायला नको होतं. मिनिटभरात दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून तो गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी उभा होता, आणि मावशी तीच काठी घेऊन, डोळे मिटून, इकडे.

"चावा," ती म्हणाली.

त्याने दोरा ओढला.

"हे काय, दारावरची घंटा वाजवताय का? लहान मासा आहात तुम्ही. लाजत चावा."

त्याने बोटाने नुसती टिचकी दिली. मावशीची मान ताठ झाली. टिचकी काठीतून मुठीत आणि मुठीतून तिच्या चेहऱ्यावर आली, ती लेकीने पाहिली. काठी वर उचलत तिने रीळ फिरवायला घेतलं आणि दुकानदाराला ओरडून पळायला सांगितलं. तो बिचारा अंगाने भरलेला. डावीकडे पळाला, उजवीकडे पळाला, लाँड्रीच्या कपड्यांत शिरून निसटायला बघू लागला. मावशी ढील देत होती, घेत होती, मधेच दम खाऊ देत होती, आणि शेवटी त्याला गल्लीच्या या टोकाला, तिच्या पुढ्यात, घामाघूम आणून उभा केला.

"सोडू का?" तिने विचारलं.

"सोडा बाई," तो म्हणाला. "मी लहान आहे."

काठी तीच घेतली. घरी येताना ती मावशीच्या खांद्यावर होती, आणि कोपऱ्यावर वळताना लेकीच्या लक्षात आलं, की आपण दोघी एकाच वेळी बोलत आहोत.

रविवारी मावशीने मोरी घासली नाही. दोघी तळ्यावर पोहोचल्या तेव्हा पाण्यावरचं धुकं नुकतं उठत होतं. काठावर नेहमीचे दोन-तीन लोक होते. त्यांनी मान डोलावली, बाजूला सरकून त्या बहिणींची जुनी जागा मोकळी करून दिली आणि पुन्हा आपापल्या दोऱ्याकडे बघत बसले. पाण्यात उतरता काठ, एक आडवं पडलेलं खोड, त्यावर दोघींना बसायला जागा.

लेकीची पहिली फेक लव्हाळ्यात गेली. दुसरीने एका बदकाला तोंडचा घास टाकून उडायला लावलं. मावशी खोडावर बसून शांतपणे सांगत होती, की पाणी समोर आहे, मोठं आहे, चुकणं अवघड आहे. मग एक फेक बरी गेली. मासोळी टपकन पाण्यात पडली, वर्तुळं फुटली, लेक बघत राहिली. बघतच राहिली. शेजारी मावशीने हात पुढे केलेला होता.

"काय?" लेकीने विचारलं.

"काठी दे की. तुझं झालं."

लेकीला हसू आलं. तिने काठी दिली, ती द्यायची कशी हे ठाऊक नसल्याने मुठीकडून न देता मधूनच दिली, आणि देता देता दोघींचेही हात काठीवर असतानाच काठी थरथरली. अगदी लाजत. मावशीने डोळे मिटले. "आला," ती कुजबुजली. "तू सोडू नको, आता सोडलीस तर जाईल. धर. वर घे. हळू गं, चादर नाही ती."

दोघींनी मिळून ओढला. रीळ मावशीने फिरवलं, काठी लेकीने धरली, आणि कुणाचं काम कुठे संपतं ते कुणालाच कळलं नाही. मासा निघाला बोटभर, चंदेरी, पाठीवर हिरवट पट्टा. इतका लहान, की पलीकडच्या माणसाने आदराने तोंड फिरवलं. मावशीने चिमट्याने गळ सोडवला आणि ओल्या ओंजळीत धरून तो लेकीपुढे केला.

"घे. सोड त्याला. का तुझ्याकडेपण बघतो?"

"बघतोय खरा," लेक म्हणाली. तरी तिने ओंजळ पुढे केली. त्याचं सगळं अंग म्हणजे एक धडपड होती. तिने हात पाण्यात बुडवले, आणि ओंजळ रिकामी झाली.

दोघी खोडावर बसल्या. मावशीचे हात ओले होते, ते तिने पुसले नाहीत. धुकं आता पार गेलं होतं. ती पाण्याकडेच बघत म्हणाली, "ताई दर वेळी विचारायची गं तुला, येतेस का म्हणून. जिना उतरताना मला म्हणायची, तिला तिचं वाचन बरं. तुझ्या वाचनाचं कौतुक होतं तिला."

लेकीने काठी मांडीवर आडवी घेतली. तोंडात आलेलं वाक्य तिने या वेळी गिळलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला वाचायचं नसायचं. मला यायचं असायचं. दर रविवारी. तुम्ही दोघी इतक्या पुऱ्या दिसायचात, की मी कुठे मावेन ते कळायचं नाही, म्हणून नाही म्हणायचे." मग तिने तोंड पाण्याकडे फिरवलं आणि जरा मोठ्याने, काठावरच्या माणसांना ऐकू गेलं तरी चालेल अशा आवाजात म्हणाली, "आई, मला यायचं होतं गं तुमच्याबरोबर."